शर्टाचा वास

नव्वदच्या दशकात ठाण्याला एका मित्राच्या घरी आम्ही रविवारी दुपारी जमायचो. सगळे पुरुष, पुरुषांवरच जीव जडणारे, आणि कुणाच्याच घरी त्याचा पत्ता नाही. तरुण पोरं चहावर चहा पीत भांडायची. एक म्हणायचा, गांजावरचा कायदा जायला हवा आणि आपल्यावरचाही. दोन्हींत कोणाचं काय बिघडतं? दुसरा चिडायचा, आधीच लोक कमी नावं ठेवतात का, त्यात हे लचांड कशाला? मला विचारलं की मी कपबशा उचलून आत जायचो. गांजा म्हटलं की मला कोलशेतचा तो आठवायचा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. तो खाडीवरच्या कोळ्यांच्या घरातला, मी कल्याणचा. दोघंही विशीतले. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला आम्ही दुपारभर बसायचो. दोन पोरं एवढा वेळ करतात काय, याला गावापुढे काहीतरी उत्तर हवं होतं. युक्ती त्याचीच. चिलीम पेटवायची आणि धूर शर्टावर घ्यायचा. ओढायची नाही, मला तर नुसत्या धुराने ठसका लागायचा. घरापर्यंत वास गेला की काम झालं. गंजेटी म्हणाले तर म्हणू देत, दुसरं काही म्हणायला नकोत. पोलिसांनी धरलं तर काय, हेसुद्धा आमच्या मनात आलं नाही. फार हुशार समजत होतो आम्ही स्वतःला.

एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानातच आली नाही. गांजावर त्याच्या घरात औषध ठरलेलं होतं.

त्याच्या आईने वास ओळखला. तिने आरडाओरडा केला नाही. मलाही बोलावून घेतलं, अंगणात सुकत घातलेल्या जाळ्याशेजारी दोघांना बसवलं आणि त्याला विचारलं, "गांजाच ना? दुसरी काय भानगड नाय?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गांजाच."

तिचा जीव भांड्यात पडला. "तुजा आजा पन वढायचा," ती म्हणाली. "लगीन झाला न चिलीम सुटली."

महिन्याभरात मुलगी ठरली. हळदीला बेंजो जोरात होता, सगळं गाव नाचत होतं. जिवाचा दोस्त म्हणून त्याच्या आईनेच मला हाताला धरून पुढे नेलं. मी त्याच्या गालांना हळद लावली. चारचौघांत त्याला तसा हात लावला तो तेवढाच. मला तिचा राग यायला हवा होता; आला त्याचा, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

काही वर्षांनी तो कल्याणच्या बाजारात भेटला. कडेवर लहान मुलगी. जवळ आला तर शर्टाला तोच वास. मी हसत विचारलं, आता हे सोंग कोणासाठी?

"तेव्हा सोंग होतं रे," तो म्हणाला. "लग्नानंतर खरंच लागला."

मग जाता जाता म्हणाला, आई अजून तुलाच शिव्या घालते, पोराला गांजा लावला म्हणून. मी म्हटलं, घालू दे. तेच तर हवं होतं आपल्याला.