अंजनाताईंनी निवडलेला क्रँक

मंचरला हायवेच्या कडेला, कांद्याच्या वखारींच्या ओळीत, भालेरावांचं क्रँक ग्राइंडिंगचं दुकान आहे. पाटीवर नाव तुळशीदास भालेरावांचं. गिऱ्हाईक मात्र येतं ते त्यांच्या बायकोकडे, अंजनाताईंकडे.

इंजिनातले पिस्टन वर-खाली धावतात आणि त्या धावण्याचं गोल फिरणं करून देतो तो क्रँक. तो झिजला की घासून मापात आणायचा, हे दुकानाचं काम. बावीस वर्षांपूर्वी अंजनाताई अवसरी बुद्रुकहून एसटीने नवऱ्याचा डबा घेऊन यायच्या, एवढाच त्यांचा या धंद्याशी संबंध होता. तुळशीदासांना तेव्हाच मायक्रोमीटरवरच्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या होत्या आणि चष्मा लावायला ते तयार नव्हते. मिस्त्रीच्या नाकावर चष्मा दिसला की गिऱ्हाईक पळतं, अशी त्यांची समजूत. म्हणून डबा आला की ते हळूच म्हणायचे, "हितं किती दिसतंय गं?" अंजनाताई दहावी पास होत्या. त्यांनी पंधरा दिवस आकडे वाचून दाखवले आणि सोळाव्या दिवशी सांगितलं, "आवं, काल तुमी घासलेला क्रँक एका बाजूनं बारीक झालाय." तुळशीदासांनी न ऐकता तो गिऱ्हाइकाला दिला. तिसऱ्या दिवशी तो परत आला. तेव्हापासून मशीनपाशी त्या उभ्या राहतात आणि तुळशीदास बाहेर खुर्ची टाकून लोकांशी बोलतात. आलेल्या प्रत्येक मालाला हात लावून "एक नंबर हाय" म्हणणं, एवढं काम त्यांनी आपल्याकडे ठेवलं आहे.

मागच्या हिवाळ्यात पिंपरी पेंढारचा रामदास दुकानात आला. टोमॅटोचा बागायतदार, पण जीव सगळा एका जुन्या डिझेल जीपमध्ये. दरवर्षी आणे पठाराकडे जीप टेकडीवर चढवायची शर्यत होते. तिच्यासाठी रामदासने इंजिनाचा जोर वाढवायला मोठा टर्बो बसवला होता, डिझेल वाढवलं होतं, आणि टायरांनी माती घट्ट धरावी म्हणून मागच्या सीटवर सासूबाई झुंबरबाईंना बसवायला सुरुवात केली होती. नियमात दोन माणसं चालायची. झुंबरबाईंचं वजन चांगलं होतं आणि त्या घाबरत नव्हत्या. पण आदल्या वर्षी निम्म्या चढावर इंजिनात क्रँकचे दोन तुकडे झाले आणि जीप मागच्या मागे खाली घसरत गेली. ट्रॅक्टर येईपर्यंत झुंबरबाई सीटवरून उठल्या नाहीत.

आता रामदास नवा क्रँक घेऊन आला होता. मोबाइलवरून मागवलेला, सोनेरी, खोक्यावर लाल अक्षरात 'रेसिंग' लिहिलेला. बरोबर झुंबरबाई होत्या.

तुळशीदासांनी क्रँकवरून हात फिरवला. "एक नंबर हाय."

"ताई, फकस्त बसवायचं माप बघून द्या," रामदास म्हणाला.

"आधी तुटलेला दाखवा," अंजनाताई म्हणाल्या.

रामदासने पिकअपमधून दोन तुकडे आणले. "त्यात काय बघायचं? आमच्या मामींचं वजन जास्त झालं, दुसरं काय."

अंजनाताईंनी तुकडे उजेडात धरले. तडा एका कोपऱ्यातून निघून आत पसरत गेलेला स्पष्ट दिसत होता. मग त्यांना टोकाला ठोकलेला छोटा शिक्का दिसला. त्यांच्याच दुकानाचा. त्या खुर्चीपाशी जाऊन हळूच म्हणाल्या,

"ह्यो मी घासलेला न्हाई."

तुळशीदास रस्त्यावरच्या ट्रककडे बघत राहिले. तिकडे बघतच म्हणाले, "तू त्या दिवशी भाच्याच्या लग्नाला गेली व्हतीस. ह्यांच्या गॅरेजवाल्याला घाई व्हती."

अंजनाताई गप्प बसल्या असत्या तर कुणालाच कळलं नसतं. रामदास वर्षभर दुसऱ्याच कारणावर खूश होता. पण त्यांना ते जमलं नाही. "भाऊ, ह्यो आमच्याच दुकानात घासलाय," त्या म्हणाल्या. "हितला कोपरा गोल ठिवायला पायजे व्हता, तो टोकदार राह्यला. जोर वाढला की तडा हितूनच सुटतो. चूक आमची हाय."

रामदासने तुकडा घेऊन तो कोपरा बोटाने चाचपला. झुंबरबाई पुढे सरकल्या. "म्हंजे माज्या वजनानं न्हाई तुटला?"

"न्हाई मावशी."

"एका टायमाला एकच भाकर खाती मी, वरीस झालं," झुंबरबाई म्हणाल्या. जावयाकडे त्यांनी बघितलं, फार वेळ बघितलं, आणि मग तुळशीदासांना विचारलं, "हितं वडापाव कुठं चांगला मिळतो?"

तुळशीदास स्वतः आणायला गेले. तेवढाच दुकानाबाहेर पडायला रस्ता मिळाला.

ते परत येईपर्यंत अंजनाताईंनी सोनेरी क्रँक शेजारच्या वखारीत कांद्याच्या वजनकाट्याच्या हुकाला दोरीने लटकवून ठेवला. वडापाव आले तेव्हा त्यांनी त्यावर छोटी हातोडी मारली. ठक, एवढाच आवाज आला. झुंबरबाई वडापाव खाता खाता थांबल्या. "माठ असा वाजला तर मी घेत न्हाई," त्या म्हणाल्या.

"बरोबर हाय मावशी. घडीव पोलाद घणघणतं. ह्यो ओतीव हाय." अंजनाताईंनी बाजूची बारीक शिवण रामदासला दाखवली. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली केसाएवढी रेघ. घणाखाली घडवलेल्या क्रँकला तिथं बोटभर रुंद पट्टा घासलेला असतो. "साध्या गाडीला ओतीव चालतो. तुमच्या टर्बोला न्हाई टिकायचा."

"पन खोक्यावर घडीव लिवलंय."

"मग खोकं घडीव असंल."

त्या रमणशेठकडे गेल्या. रमणलाल ओसवालांचं स्पेअर पार्टचं दुकान मंचरात तीन पिढ्यांचं. त्यांच्याकडे त्या इंजिनाचा घडीव क्रँक मिळाला, तेलकट कागदात गुंडाळलेला, दिसायला एकदम मळका. तो हुकाला लावून हातोडी मारली, तर असा घणघणला की वखारीतल्या हमालांनी माना वर केल्या. शिवण रुंद होती. कानस मारून बघितली तर ती चावली नाही, घसरली, म्हणजे वरचा थर चांगला कडक होता. रामदास हसला. पण अंजनाताईंनी क्रँक दोन आधारांवर ठेवून सरळपणा बघायचा डायल लावला, हळूहळू फिरवला, आणि क्रँकच्या मधोमध डायलचा काटा हलला.

"वाकडा हाय."

हे रमणशेठना फोनवर कळलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते. दहा मिनिटांत ते स्वतः आले, उकळलेल्या पाण्याची बाटली हातात घेऊन. "अंजनाबाई, माझ्या आजोबांपासून कुणी आमचा माल वाकडा म्हटलेला नाही."

"मी मालाला म्हणत न्हाई शेठ. ठिवला कसा व्हता?"

"आडवा. वर ब्रेक ड्रम होते." शेठ बोटांवर मोजू लागले. "किती वर्षं ते बघावं लागेल."

"क्रँक उभा ठिवायचा असतो."

शेठनी गोडाऊनमधून उरलेले तिन्ही क्रँक मागवून घेतले. सूर्यास्ताच्या आत त्यांना जेवायचं होतं आणि अंजनाताई एका क्रँकची नऊ ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोनदा, मापं घेत होत्या. शेठ एकदा घड्याळाकडे आणि एकदा मावळतीकडे बघत होते. पहिल्याचा एक कोपरा टोकदार निघाला, तो बाजूला गेला. दुसरा जवळजवळ बरा होता.

"जवळजवळ म्हणजे चालेल ना?" शेठनी विचारलं.

"तुमी बसनार का मागच्या शिटावर?"

शेठनी झुंबरबाईंकडे बघितलं आणि तिसरा क्रँक स्वतः उचलून आधारांवर ठेवला. तो सरळ होता. कोपरे गोल, मापं एकसारखी. तुळशीदासांचा हात त्याच्याकडे गेला, पण त्यांनी तो मागे घेतला. अंजनाताईंनीच होकाराची मान हलवली. शेठ जवळजवळ पळतच घरी गेले.

पुढचा आठवडाभर अंजनाताईंनी त्या क्रँकच्या तेलाच्या भोकांच्या कडा हाताने गोल केल्या, तोल साधला, आणि मजुरी घेतली नाही.

शर्यतीला त्या गेल्या. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे इंजिनं तुकड्यांनी आली आणि तुकड्यांनीच गेली होती. आपण मापलेलं इंजिन पूर्ण जोरात चालताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. जीप चढाला लागली तेव्हा त्यांनी साडीचा पदर मुठीत घट्ट धरला. निम्मा चढ आला, आवाज वाढला, वाढतच गेला, आणि कुठं तुटला नाही. झुंबरबाई मागे दोन्ही हातांनी दांडा धरून ताठ बसल्या होत्या. जीप माथ्यावर पोचली आणि शर्यतीत दुसरी आली.

रामदास खाली येऊन पेढे वाटू लागला. अंजनाताईंनी पेढा घेतला नाही. त्यांनी कुणाकडून तरी लांब स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवलं आणि मुठीला कान लावला. पाच ठिकाणी ऐकलं.

"काय म्हनतोय क्रँक?" तुळशीदासांनी विचारलं.

त्या डोळे मिटून अजून ऐकत होत्या. "थांबा वाईच," त्या म्हणाल्या, "गोडाऊनात गप पडला व्हता, लई दिवसांनी बोलतोय."