‘जिल्हा’ शब्दाच्या मागे: नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर

जायचं ठरलं ते ‘जिल्हा’ या शब्दामुळे. शाळेआधी बाबांनीच मला घरी शिकवलं. शब्द कुठून आला ते विचारायची सवय तेव्हाची. उदगीरची मावशी फोनवर म्हणाली, “नव्या जिल्ह्यासाठी उपोषणं चाललीत इथं. ये, पण पाणी संगं आण.” या दुष्काळात पाहुणे पाण्याचा कॅन घेऊनच जातात. मी दोन घेतले, झाकणं तीनदा तपासली.

नांदेडला ओळखीच्या निवृत्त उर्दू शिक्षकांना गाठलं. शब्द अरबी, ते म्हणाले. “मुसल्लस के तीन ज़िले होते, बेटा. और असल माने पसली.” म्हणजे त्रिकोणाची बाजू, आणि मुळात बरगडी. देगलूरपर्यंत एसटीचं तिकीट शंभराच्या आत. स्टँडवर सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, खाताना शेजारच्या तेलुगू बाईंनी विचारलं, “ए जिल्ला?” कुठला जिल्हा. कन्नडमध्ये ‘जिल्ले’. या भाषांत, मराठीतही, बरगडी मागेच राहिली. पुढचा रस्ता खराब आहे. मागच्या सीटवर बसू नका.

उदगीरला मावशीच्या गल्लीचा टँकरचा अर्ज लातूरहून परत आला होता. शेजारच्या तात्यांनी सुंदर अक्षरात पत्ता लिहिला होता, ‘जि. उदगीर’; असा जिल्हा अजून सरकारी कागदावर नाही, म्हणून परत. इथे लग्नपत्रिकांवरही तसंच छापतात. खाली सगळ्या गल्लीच्या सह्या.

“तू खोडून लातूर लिव अन् उद्या देऊन ये,” मावशी म्हणाली.

दुसऱ्याच्या अर्जात खाडाखोड करायला माझा हात धजेना. ज्याने लिहिलं त्यानेच खोडून शेजारी सही करायला हवी. मावशीला घेऊन तात्यांकडे गेलो.

“धा दिस उपाशी बसलाव ते लातूर लिवायला?”

“तात्या, जिल्हा व्हईल तवा व्हईल. घागरी आज रिकाम्या हायत. तुमची बी,” मावशी म्हणाली.

मी बरगडीचं सांगून पाहिलं.

“मग आमची बरगडी मोडू नगा म्हणावं सरकारला,” तात्या म्हणाले.

मग त्यांनी चष्मा मागवला, एक सरळ रेघ ओढली, वर ‘लातूर’ लिहिलं आणि सही केली. ते अक्षरही तितकंच सुंदर होतं.

सकाळच्या बसने लातूरला जाऊन अर्ज दिला, पोच घेतली. कार्यालयात जायचं तर लवकर जा, दुपारी खिडकीवर गर्दी होते.

घरी येऊन आठवडा झाला. शब्दाबद्दल कळलं ते एका पानात मावलं. काल मावशीचा फोन आला. टँकर आला. तात्या रांगेत आले नाहीत. मावशीने त्यांची घागर भरून उंबऱ्याशी ठेवली. संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती, मग कोणीतरी आत घेतली.