एकट्याची हरकत

"कोणाची हरकत?" असं विचारून काका पेनाचं टोपण हातात धरून थांबायचे आणि सतरंजीवर बसलेल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत जायचे. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, घाई न करता. सगळे गप्प राहिले तर टोपण लावायचे, ठराव मंजूर. एकानेही "आहे" म्हटलं की विषय तिथेच संपला. मतं मोजायची पद्धत आमच्याकडे नव्हती. "हात मोजले की घर फुटतं," ते म्हणायचे.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याला तुम्ही कसं वागवलंत ते तुमचं तुम्ही आठवा. मी माझं सांगतो.

दुबईत, बर दुबई भागातल्या मीना बाजारात एका कापडाच्या दुकानावर खोली होती. शुक्रवारी दुपारी, नमाज झाल्यावर, आम्ही वीसेक मराठी माणसं तिथे जमायचो. पक्ष इकडचा, महाराष्ट्रातला, जुन्या वळणाचा. तिथे पक्षाचं नाव घ्यायची सोय नव्हती, म्हणून आम्ही 'अभ्यासवर्ग' म्हणायचो. तो काकांनी सुरू केलेला. काका एका शिपिंग कंपनीत हेडक्लार्क होते. खोली रत्नागिरीकडच्या एका मुसलमान व्यापाऱ्याची. तो काकांना भाऊ म्हणायचा, भाडं घ्यायचा नाही आणि वर चहा पाठवायचा.

काका सोपे नव्हते. एकदा मुहैस्नाच्या मजुरांच्या कॅम्पमधून साताऱ्याकडचे दोन गवंडी आले. कॅम्पची बस चुकली, वीस मिनिटं उशीर झाला. काकांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "पुढच्या शुक्रवारी वेळेवर या." ते पुन्हा आले नाहीत. उन्हातून आलेल्या माणसांना पाणीसुद्धा विचारलं नाही, याचा मला तेव्हा राग आला होता. अजूनही येतो.

शेठनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. शेठ म्हणजे माझे मालक, बांधकामाचे काँट्रॅक्टर, वर्गात नव्याने आलेले. "काका, पुस्तकं वाचून कुठे सरकार येतं? पब्लिक पाहिजे. कॅम्पमधून चार बस भरून आणतो. फक्त त्यांना समजेल असं काहीतरी द्या."

"गर्दी आणाल हो. तिला सांगणार काय?"

"तिला पाहिजे ते."

"मग पक्ष कशाला हवा? वाजंत्री लावा."

सगळे हसले. शेठ हसले नाहीत.

महिनाभराने ते व्हीसीआर घेऊनच आले. इकडच्या एका सभेतल्या भाषणाची कॅसेट होती. पाच मिनिटांत वक्ता मुसलमानांवर घसरला. आमच्यातले काही जण, रोज त्यांच्याच शेजारी बसून जेवणारे, टाळ्या वाजवायला लागले. तेवढ्यात जिन्यात चहाचे ग्लास वाजले. काका उठले आणि त्यांनी भिंतीतली पिन ओढून काढली.

"ज्याच्या छपराखाली बसलोय त्यालाच शिव्या? इथे नाही. आणि बाहेरही नाही."

पुढच्याच शुक्रवारी ठराव आला : काकांनी वर्ग सोडावा. ज्याच्याबद्दल ठराव, त्याने बाहेर थांबायचं, हा नियमही त्यांचाच. ते निमूटपणे चपला घालून जिन्यात जाऊन उभे राहिले.

आता माझं. माझा हुद्दा आणि पगार फॅमिली व्हिसाला पुरत नव्हता. लग्नाला चार वर्षं झाली होती, बायको मिरजेला; मालकाने कागदांवर सही दिली तरच तिला आणता येणार होतं. शेठनी मला धमकी दिली नाही. त्या आठवड्यात एवढंच म्हणाले, "वहिनींचे कागद टायपिंगला दिलेत. रविवारी सही करतो, इन्शाल्ला."

"कोणाची हरकत?" शेठनी विचारलं. सगळ्यांची तोंडं बघायची त्यांना गरज नव्हती. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. मी सतरंजीची निळी पट्टी बघत राहिलो.

"खलास," शेठ म्हणाले. "जा, काकांना सांगून ये."

जिन्यात काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोणीच बोललं नाही?"

"मी बोललो, काका."

का म्हणालो, ठाऊक नाही. त्यांनी माझा दंड धरला. "हरकत असताना मंजूर केलं?" त्यांचा आवाज फाटला. वर्ग गेल्याने फाटला नव्हता तो. इतकी वर्षं पाळलेली रीत आपल्याच माणसांनी मोडली, असं त्यांना वाटलं. ती तर कोणी मोडलीच नव्हती. तिच्याच आधाराने आम्ही त्यांना घालवलं होतं, आणि मी रीत पाळली गेल्याचं समाधानही त्यांच्यापाशी राहू दिलं नाही.

रविवारी सही झाली. वर्ग हॉटेलच्या हॉलमध्ये गेला. बस आल्या, फोटो निघाले. शेठचा मला राग येतो. त्या वीसजणांचा येतो. पण शेठनी जे केलं ते तोंडावर केलं. मी?

बायको आल्यावर काका भेटायला आले. तिच्या हातावर पेढ्यांचा पुडा ठेवून म्हणाले, "सूनबाई, तुमच्या नवऱ्याला कणा आहे. वीस माणसांत हा एकटा बोलला." ती त्यांच्या पाया पडली. मी चहा ओतत होतो. काकांना साखर किती, एवढंच विचारलं.

पुढे ते सांगलीला परतले. दर दिवाळीला पत्र यायचं, आणि त्यात ते वाक्य असायचंच. मग एका वर्षी दिवाळीच्या आधीच त्यांच्या मुलाचं पत्र आलं. बायको खूप रडली. म्हणाली, "त्यांना एकट्यांना तुमची किंमत होती."

काही वर्षांपूर्वी आम्हीही परत आलो. आता हे ज्यात छापून येतंय तो अंक पोस्टाने घरी येतो, आणि तो फोडून आधी तीच वाचते.