डावा कान

आधीच सांगते, भूतखेत, करणी, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. आमच्या घरात तसलं काही नव्हतंच. आम्ही मूळ नागपूरचे, पण बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे मी वाढले दिल्लीत, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. शेजारच्या आंटी आमची नजर उतरवायला मिरच्या घेऊन आल्या की आई त्यांना चहा पाजून परत पाठवायची. पुढे मी स्टॅटिस्टिक्स घेऊन एमएस्सी केलं, नोएडाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. मोजता येत नाही त्यावर मी बोलत नाही, असा एकूण स्वभाव. तरी हे लिहितेय... कारण इतक्या वर्षांत मला ते कुठेच बसवता आलेलं नाही.

मेट्रो तेव्हा नुकतीच वैशालीपर्यंत आली होती. आम्ही तिथून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर, गाझियाबादच्या एका सोसायटीत राहायचो — मी, माझा नवरा मिलिंद आणि सासूबाई. आजूबाजूला नवे टॉवर उभे राहत होते, दिवसभर कुठेतरी ड्रिल चालू. मिलिंद साहिबाबादला एका कारखान्यात इंजिनिअर होता. घरी येताना हायवेवर त्याच्या मोटरसायकलला गाडीने उडवलं. जीव वाचला, शुद्ध मात्र परत आली नाही. म्हणजे डोळे उघडायचा, जांभई द्यायचा, पण नजर कुणावर ठरायची नाही. नाकात नळी, त्यातून पातळ जेवण. ठरावीक वेळाने कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी ऑफिसला गेले की हे सगळं सासूबाई करायच्या. मी त्यांना आई म्हणते. अकोल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, रिटायर झालेल्या. मुलासाठी इथे आल्या आणि राहिल्या.

वर्ष उलटून गेलं होतं. मला रडू येणं केव्हाच बंद झालं होतं. वाईट वाटत होतं असंही नाही. दात घासावेत तसं सगळं करायचे — फीड, औषध, कॅब, ऑफिस, परत फीड.

हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटरवर राहून आला. डिस्चार्ज देताना डॉक्टर म्हणाले, "मॅडम, अंदर कुछ बचा नहीं है. अगली बार वेंटिलेटर की ट्यूब डालनी है या नहीं, आप लोग घर पे सोच लीजिए."

आम्ही घरी आलो, आणि त्यावर कुणी काही बोललंच नाही.

अशात ऑफिसच्या एका ग्रुपवर ट्रेनिंग वर्कशॉपची मेल आली. मेंदूच्या जोडण्यांचे कॉम्प्युटरवर नकाशे कसे काढायचे, याचं. नोएडातल्याच एका रिसर्च सेंटरमध्ये. मी रजा टाकली आणि नाव दिलं. मिलिंदचा असलाच एक स्कॅन हॉस्पिटलने काढला होता, त्याची सीडी माझ्याकडे होती. डॉक्टर म्हणतात तसं आत खरंच काही उरलं नसेल, तर ते मला माझ्या हाताने मोजून बघायचं होतं.

वर्कशॉपला बहुतेक पीएचडीची मुलं आणि काही डॉक्टर. शिकवायला डॉ. मेनन म्हणून होते. साठीकडे झुकलेले, अगदी हळू बोलणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी छान समजावलं. माणूस नुसता पडून असतो, काही करत नसतो, तेव्हाही मेंदूचे भाग शांत नसतात. त्यांचा सिग्नल थोडा वर जातो, थोडा खाली येतो. दोन लांबचे भाग एकाच लयीत वर-खाली होत असतील, तर ते एकमेकांशी बोलतायत असं धरायचं आणि त्यांच्यामध्ये रेषा काढायची. अशा सगळ्या रेषा म्हणजे नकाशा. मला ते लगेच कळलं. कोरिलेशनच की, मी रोज तेच करते.

दुसऱ्या दिवशी ताजा डेटा घेऊन दाखवायचा होता, त्यासाठी कुणीतरी स्कॅनरमध्ये झोपायला हवं होतं. मी हात वर केला. खरं सांगू? अर्धा तास आडवं व्हायला मिळेल म्हणून.

दुपारच्या जेवणानंतर त्यांनी मला मशीनमध्ये सरकवलं. कानावर जाड हेडफोन, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं कव्हर, त्यातल्या आरशात एक पडदा दिसतो. पडद्यावर अधिकचं चिन्ह. टेक्निशियनचा आवाज आला, "मॅडम, आँखें खुली रखिए, प्लस को देखते रहिए. कुछ सोचना नहीं है."

कुछ सोचना नहीं है... ते तर मला चांगलंच जमत होतं.

मशीनचा ठकठकाट सुरू झाला. मी त्या चिन्हाकडे बघत होते. झोप येत नव्हती, हे मला नक्की आठवतं, कारण मी मनात म्हणत होते की बरं आहे, झोप येत नाहीये, नाहीतर यांचा डेटा खराब होईल. आणि मग चिन्ह दिसेनासं झालं.

समोर आमच्या बेडरूमची खिडकी होती. जाळीबाहेर समोरच्या फ्लॅटचा एसी, त्यावर कबुतर. पण सगळं आडवं. कुशीवर पडलेल्या माणसाला दिसेल तसं. मी मान वळवायला गेले तर मान नव्हतीच. म्हणजे होती, पण माझं ऐकत नव्हती. भीती वाटली का, असं लोक विचारतात. नाही वाटली. काहीच वाटलं नाही. फक्त डावा कान दुखत होता. उशीखाली दुमडला गेला होता आणि सगळ्या डोक्याचा भार त्यावर. दुखणंही मोठं नव्हतं — जळजळ, नुसती जळजळ. पण हात नेऊन तो कान सरळ करता येत नाही म्हटल्यावर ती एवढीशी जळजळ सगळीकडे पसरते. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

मागून आईंचा आवाज येत होता. त्या फोनवर माझ्या नणंदेशी बोलत होत्या. "विद्या, मी ठरवलंय आता. परत नळ्या नाही घालू द्यायच्या. सुजाता बोलणार नाही, तिच्या तोंडून नाही निघायचं ते. मीच सांगते डॉक्टरला. आईने म्हटलं तर तिला कुणी बोल लावणार नाही."

मग ठकठकाट थांबला आणि समोर परत पडदा.

"हो गया, मॅडम."

बाहेर आले. माझा हात कानाकडेच गेला. टेक्निशियन म्हणाला, "हेडफोन टाइट था क्या?" मी हो म्हणाले. वाटलंही तसंच. हेडफोनने कान दाबला गेला, डोळा लागला, स्वप्न पडलं. हिशोब जुळत होता. तरी चपला घातल्या, कॉरिडॉरमध्ये आले आणि घरी फोन लावला.

"आई, मिलिंद कोणत्या कुशीवर आहे?"

"डाव्या. का गं?"

"त्याचा कान बघता का जरा? डावा."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पलंगाची करकर. त्या परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"दुमडला होता गं. पार लालभडक झालाय, पाळीला वळ उठलाय. माझं लक्षच नव्हतं... तुला कसं कळलं?"

"सहज विचारलं," मी म्हणाले आणि आत जाऊन बसले. चहा आणि समोसे आले होते, ते खाल्ले. आता लिहिताना विचित्र वाटतं, पण मी समोसा पूर्ण संपवला.

माझा डेटा दाखवायला वापरलाच नाही. डॉ. मेनन म्हणाले, मधला बराच भाग बिघडलाय, बहुधा झोप लागली असेल. त्यांनी एका मुलाचा डेटा घेतला. माझा मी बघायला मागितला नाही. पुढे केव्हातरी मेल करून मागितला, तर खराब म्हणून काढून टाकला होता.

शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर मी त्यांना मिलिंदची सीडी दिली. त्यांनी लॅपटॉपवर चालवली. नकाशा आला. निरोगी माणसाच्या नकाशात रेषांचं जाळं असतं, इथे तुरळक दोन-चार. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे थोडा वळवला. मग विचारलं, "हज्बंड?"

मी मान हलवली.

"देखिए, लाइन नहीं दिख रही, मतलब हमको नहीं दिख रही. इससे ज़्यादा मैं नहीं बोल सकता."

मी त्यांना कानाचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. ते हसले नाहीत. हेडफोन, झोप, योगायोग, सगळं त्यांनी शांतपणे मांडलं. मग सीडी माझ्या हातात देत म्हणाले, "लेकिन फोन तो आपने किया ना. अच्छा किया."

त्या संध्याकाळी घरी गेले. आई डाळीला फोडणी देत होत्या.

"आई, परवा दुपारी विद्याताईंशी बोलत होतात का?"

"हो. का?"

मी त्या जे बोलल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसल्या.

"विद्याने सांगितलं का तुला?"

"नाही. विचारा त्यांना."

"मग?"

मी सगळं सांगितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग त्यांची नजर बेडरूमच्या दाराकडे गेली. "म्हणजे मी बोलले ते त्याने ऐकलं?"

"माहीत नाही, आई."

"त्याला काय वाटलं गं ते ऐकून?"

याचं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं ना? मी होते तिथे... जिथे कुठे होते तिथे. पण खरंच सांगते, त्या बोलण्याचं काहीच वाटलं नव्हतं. ना राग, ना सुटका. कान दुखत होता, एवढंच. मी तसं सांगितलं. आई उठल्या, आत गेल्या, पलंगापाशी उभ्या राहिल्या. मग त्याला म्हणाल्या, "मिलिंद, तुझी कूस बदलते हं." असं सांगून कूस बदलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हापासून आम्ही दोघी सगळं सांगून करायला लागलो. फोन आला की आई बाल्कनीत जायच्या. आणि मी... ऑफिसहून आले की त्याच्या शेजारी त्याच्याच कुशीवर पडून राहायचे, त्याच खिडकीकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून, काही विचार न करता. मला एकच विचारायचं होतं — पुढच्या वेळी नळ्या घालू की नको? कबुतर यायचं, जायचं. बाकी काही नाही.

थंडी पडली आणि परत न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी विचारलं, काय ठरवलंत? आईंनी माझ्याकडे बघितलं. वर्षभर त्यांनी ते वाक्य तयार ठेवलं होतं, पण त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी म्हणाले, "डाल दीजिए." कानाचा तो दिवस नसता तर मी नको म्हटलं असतं, याची मला खात्री आहे. व्हेंटिलेटर, मग गळ्याला भोक, मग घर. तो आणखी उन्हाळाभर राहिला. त्यात त्याला सुख होतं की आम्ही त्याला उगाच अडकवून ठेवलं, ते मला कळलेलं नाही. आईंनाही नाही. त्या आता अकोल्याला विद्याताईंकडे असतात, फोनवर आम्ही याविषयी बोलत नाही.

तो गेला तेव्हा दिवस होता. आई त्याला पुसून घेत होत्या आणि त्यांच्या हातातच श्वास थांबला. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते. टीममधल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं, सगळे तिला चिडवत होते आणि मी हसत होते, किती दिवसांनी हसत होते. मिनिटं जुळवून पाहिली आहेत मी नंतर. नेमकी तीच वेळ. पण मला कुठे काही दुखलं नाही, काही दिसलं नाही, घासही अडकला नाही. फोन वाजला तेव्हा ताटात थोडा राजमा उरला होता. आईंचं नाव बघून वाटलं, फीड संपलं असेल, येताना आणायला सांगत असतील.

पहिल्या वेळेचं कारण मला सापडलेलं नाही. पण या दुसऱ्या वेळी मला काहीच का कळलं नाही, याचं कारण मी जास्त शोधते आहे.