फाइलमधलं खाचर

"निरंजन, जरा खाली ये रं. माझं शेत गेलं."

दिवाळीच्या पाडव्याची दुपार होती. रजा मिळाली नव्हती म्हणून मी गावी गेलो नव्हतो आणि त्या रागात चकल्या खात बसलो होतो. दारात गेणबाकाका उभे होते. नवा सदरा, कपाळावर ओवाळल्याचं ताजं कुंकू, आणि चेहऱ्यावरचा रंग पार उडालेला. मी त्यांचा भाडेकरू. हिंजवडीत नोकरी करतो आणि जवळच्या नांदे गावात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत राहतो. त्यांचं शेत अकरा वर्षांपूर्वीच विकलं गेलं होतं. तिथं आता बारा मजली इमारत आहे, ती माझ्या खिडकीतून दिसते. विकलेलं शेत आज पुन्हा कसं जाईल, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

"कुठलं शेत, काका?"

"उंबराचं खाचर. काम्पुटरातलं."

आधी माणूस सांगतो. गेणबाकाकांनी बावीस वर्षं गावच्या दूध डेअरीत हिशोब लिहिला. अक्षर मोत्याचं आणि स्वभाव काट्यावर तोललेला. जमीन विकल्यावर त्यांनी खोल्या बांधल्या, भाडेकरू ठेवले. मुलगा शेखर महाळुंग्याला फ्लॅटमध्ये राहायला गेला. जाताना त्यानं आपला जुना कॉम्प्युटर त्यांना दिला आणि घरखर्चाचा हिशोब ठेवायचा एक प्रोग्रॅम शिकवला. भाडं, लाइटबिल, किराणा, बँकेतली ठेव, सगळ्यांची वेगवेगळी खाती. काका त्यात असे रमले, की संध्याकाळी दिवाबत्ती झाली की चष्मा पुसून त्या पडद्यापुढे बसायचे. रोजचा हिशोब संपला की बॅकअप घ्यायचे, म्हणजे सगळ्या फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवायचे. आमच्या ऑफिसात ही शिस्त पगारी माणसांना नाही.

पण त्या खात्यांमध्ये एक खातं भलतंच होतं, हे मला त्या दुपारी कळलं. 'उंबराचं खाचर' नावाचं. विकलेलं शेत काका नऊ वर्षं त्या फाइलमध्ये कसत होते.

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीतून त्या इमारतीकडे बघत होते. तिच्या पायथ्याशी पोहायचा तलाव आहे, नेमका खाचराच्या जागी. उन्हं कलली की त्या पाण्यावर एक पिवळी झाक येते. काका म्हणाले, तेवढा वेळ डोळे बारीक केले की इमारत दिसेनाशी होते आणि नुसतं पाणी उरतं, गुडघाभर, आणि त्यात वाकलेली माणसं. मीही डोळे बारीक करून पाहिले. मला इमारतच दिसली, पण ते मी बोललो नाही.

जूनमध्ये ते फाइलमध्ये इंद्रायणी भाताचं बियाणं घ्यायचे. जुलैत लावणी. वाडीवरचे नथू आणि पारू पूर्वी खरोखर त्यांच्याकडे मजुरीला यायचे, त्यांचीच नावं घालायची, आणि मजुरी चालू दराची. पाऊस खरा धरायचा, अंगणात पडेल तो. एका वर्षी धो धो कोसळला, तेव्हा त्यांनी 'बांध फुटला, दुरुस्ती दोन हजार चारशे' अशी नोंद करून ठेवली होती. मी म्हटलं, अहो, तुमच्याच मनातला बांध, फोडला कशाला? तर ते माझ्यावरच उखडले. "खोटा हिशोब म्यां जल्मात लिवला न्हाई." तीन वर्षं तर तोट्यात गेलेली. स्वप्नातही नफा न लाटणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता त्या दिवशी झालं काय, तर डेअरीत असताना काका दर पाडव्याला नवी वही घालायचे. हळदकुंकू वाहायचं, पहिल्या पानावर 'श्री' लिहायचं आणि मग पहिली नोंद. यंदा त्यांच्या मनात आलं, फाइल तरी जुनी का वापरा? म्हणून त्यांनी सकाळी मुहूर्तावर कॉम्प्युटरला कुंकू लावलं, नवी कोरी फाइल केली, पहिल्या ओळीत 'श्री' लिहिलं आणि नाव दिलं नेहमीचंच, 'घर'. कॉम्प्युटरनं विचारलं, या नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? काकांनी 'हो' दाबलं. नव्या वहीला घराचंच नाव असतं, त्यात विचारण्यासारखं काय! आणि मग शिस्तीचा माणूस तो, त्यानं लगेच बॅकअपही घेतला. पेन ड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीवर ही कोरी प्रत जाऊन बसली. दोन्हीकडे आता फक्त 'श्री' होतं.

"भाड्याचा हिशोब बँकेत हाय, त्यो मिळंल," काका म्हणाले. "पण शेत दुसरं कुटंच न्हाई, निरंजन. ह्या वर्साचं भात अजून कापायचं व्हतं."

आम्ही खाली त्यांच्या कॉम्प्युटरपाशी गेलो. मी सगळे उपाय करून पाहिले. पुसलेलं परत आणणारा एक प्रोग्रॅम लावला, त्यानं शेखरचे कॉलेजातले फोटो काढून दिले. तासभर झाला. काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते, दवाखान्यात उभं राहावं तसे.

साळूकाकू मघापासून आत-बाहेर करत होत्या. शेवटी दारात थांबून म्हणाल्या, "ह्याच्याआधीचा त्यो दांडका हाय माज्याकडं. चालंल का?"

कमरेचा किल्ल्यांचा जुडगा त्यांनी सोडला. कपाटाच्या आणि कोठीच्या किल्ल्यांमध्ये एक जुना पेन ड्राइव्ह अडकवलेला. काकांनी ऑगस्टमध्ये नवा घेतला तेव्हा हा टाकून द्यायला सांगितला होता. काकू काही टाकत नाहीत. भोक होतं, म्हणून जुडग्यात ओवला.

मी तो लावला. आत 'घर' होती, चौदा ऑगस्टची. रिस्टोर, म्हणजे परत आण, म्हटलं, पडद्यावर ती निळी पट्टी सरकत सरकत भरली आणि एकेक खातं उमटायला लागलं. सगळ्यात शेवटी उंबराचं खाचर. काकांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"वाच," ते म्हणाले. "नीट आलंय का बघू."

मी वाचायला लागलो. खोलीत उदबत्तीचा धूर रेंगाळत होता, बाहेर उन्हं उतरत होती, आणि मी बियाणं, चिखलणी, लावणी असं मोठ्यानं वाचत गेलो, तसा मलाही ओल्या मातीचा वास यायला लागला. खोटं कशाला बोलू, आलाच.

"खुरपणी दुसरी. पारू, दोन दिवस, आठशे. नथू, दोन दिवस, हजार."

"आन मी?" साळूकाकू म्हणाल्या.

काका हसले. "घरच्या मान्साची मजुरी कोन लिवतं?"

"लगीन हून आल्यापास्नं एकतीस सालं लावणी केली तितं. पारू आन मी एकाच वळीत." आवाज चढलेला नव्हता. "नऊ वर्सं तुमी रोज सांच्याला त्या शेतात जाताय. मला एक दिस न्हाई नेलं."

काका चष्मा काढून म्हणाले, "चुकलं माजं. लिव रं निरंजन. किती लावू, साळू?"

"मजुरी नगं मला. आज पाडवा हाय. सकाळी ववाळलं, तुमी त्या फायलीच्या नादात ताटात काईच टाकलं न्हाई. ववाळणी म्हनून शेत माज्या नावावर करा."

"शेत इकलंय, साळू," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"ठावं हाय. इकताना संमतीची सही घेतली व्हती माजी. नाव कवा लावलं न्हाई."

काकांनी मला उठवलं, स्वतः खुर्चीवर बसले आणि खात्याचं नाव खोडलं. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, मोठ्यानं म्हणत लिहिलं: साळूबाई गेणबा, उंबराचं खाचर.

काकूंनी पडद्याजवळ जाऊन ते नाव दोनदा वाचलं. मग पदर खोचला.

"आता त्यो बॅकप का काय, त्यो घ्या, माज्यासमोर. आन कापणीला नथूला सांगू नगा. त्यो लोंब्या गाळतो."

"मंग कुनाला सांगू?" काकांनी विचारलं.

"मी ठरवीन," शेताची मालकीण म्हणाली.