हात लावला म्हणायचं

माझ्या मामांनी मला बुद्धिबळ शिकवलं, पण त्याआधी महिनाभर त्यांनी मोहऱ्यांना हात कसा लावायचा तेवढंच शिकवलं. ते पिंगळीच्या शाळेत मास्तर होते आणि शिकवण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही. मोहरा दोन बोटांनी उचलायचा. मारलेला मोहरा बाजूला ठेवायचा, आपटायचा नाही. विचार डोक्यानं करायचा, तोवर हात पटावर फिरवायचा नाही. एखादा मोहरा घरात तिरका बसला असेल तर आधी "नीट करतो" असं तोंडानं म्हणायचं आणि मगच बोट लावायचं. न म्हणता लावलं तर तोच मोहरा खेळायचा, मग वजीर जावो नाहीतर डाव. माझ्या नाकावर लहानपणापासून राग. एकदा चिडून मी म्हणालो, "मामा, तुमी मला खेळायला शिकवायलात का पंगतीत वाढायला?" ते हसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

पुढे मी सेलूला एका जिनिंगमध्ये कारकून म्हणून लागलो. तिथं दुपारच्या सुट्टीत लोक कापसाच्या गाठीवर पट मांडून खेळत. हात लावण्याच्या नियमाला त्यांच्याकडे एकच शब्द होता, शिवलं. शिवलं की खेळायचं, शिवलास ना, मग चाल आता. ऐकून ऐकून तो माझ्याही तोंडात बसला. एका रविवारी मामांकडे डाव चालू असताना मी तो बोलून गेलो, तर त्यांनी पटावरची मान वर केली.

"हात लावला म्हणायचं," ते म्हणाले.

"एकच की, मामा."

"हात लावला म्हणायचं."

मास्तर माणूस, भाषेचा सोस असणारच, असं मला वाटलं. मी बरं म्हणालो आणि विसरून गेलो.

आणीबाणी उठली त्या वर्षी परभणीत जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या. पहिला येईल तो औरंगाबादला खेळायला जाणार होता. मामा कितीतरी वर्षं या एका गोष्टीच्या मागे होते आणि दरवेळी शेवटाला कुठंतरी घसरायचे. या खेपेला त्यांचा खेळ असा लागला होता, की त्यांनी हेडमास्तरांकडून चार दिवसांची रजा आधीच मंजूर करून ठेवली. शेवटच्या फेरीत त्यांच्यासमोर मी आलो. दोघांचे गुण सारखे होते, जिंकेल तो जाणार होता.

खरं सांगायचं तर मला औरंगाबादचं काही पडलेलं नव्हतं. मला मामांना हरवायचं होतं. तेविशी गाठली तरी त्यांच्याविरुद्ध मी एकही डाव जिंकला नव्हता, आणि ते मला आतून खात होतं.

एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. पाटावर पट, दोन्ही बाजूंना मांडी घालून खेळणारे. अर्धा डाव झाल्यावर मी घोडा पुढे काढून त्यांच्या वजिरावर धरला. त्यात मोठं काही नव्हतं, वजीर हलवायला त्यांना दोन मोकळी घरं होती. ते विचार करत राहिले. गुडघा दुखायला लागला असावा, म्हणून त्यांनी मांडी बदलली आणि पायाचा अंगठा पाटाला लागला. मोहरे थरथरले. मामांनी चटकन कोपऱ्यातल्या हत्तीला बोटं लावली आणि ती कपाळाला नेली.

आमच्याकडे पायाला काही लागलं की हात असा आपोआप जातो. मामांनी छप्पन सालानंतर देवांच्या तसबिरी घराबाहेर काढल्या, उपासतापास सोडले, पण पुस्तकाला पाय लागला की बोटं कपाळाला नेण्याची सवय काही गेली नव्हती. पट त्यांच्या लेखी पुस्तकच होता. हे मला ठाऊक होतं. पाय लागताना मी पाहिला होता, हात कपाळाला जाताना पाहिला होता. तरीही मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, शिवलात तुमी."

शेजारचे खेळणारे माना वळवून बघायला लागले. औरंगाबादहून आलेले पंच उठून जवळ आले आणि काय झालं म्हणून विचारलं.

"हत्तीला शिवले," मी म्हणालो. "नीट करतो म्हणाले नाहीत."

पंच भला माणूस होता. मामांकडे वाकून तो म्हणाला, "सर, खेळायचा म्हणून हात लावला, का चुकून? चुकून लागला असेल तर नियम आड येत नाही."

पाय लागला होता, एवढं एक वाक्य पुरे होतं. पण मामा पंचांकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना राग आला नव्हता. आपल्या घरात भलताच माणूस बसलेला दिसावा, तसे ते बघत होते.

"हात लावला," ते म्हणाले. "खेळतो."

त्यांनी हत्ती एक घर सरकवला. मी घोड्यानं वजीर उचलला. पुढच्या दहा-बारा चालींत डाव संपला. मामांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि दोघांचेही मोहरे स्वतःच डब्यात भरले.

संध्याकाळी घरी आलो आणि आईला सगळं रंगवून सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

"काय म्हणलास तू त्याला? नेमकं काय म्हणलास?"

मी शब्द सांगितला. तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"तुझा मामा ल्हान होता तवा गावात पारावर हा डाव चालायचा," ती म्हणाली. "याला लांब उभं करायचे. डोकं लय, म्हणून चाल बी विचारायचे. यानं तिथून तोंडानं सांगायचं, हलवायचं दुसऱ्यानं. एकदा वाऱ्यानं प्यादं खाली पडलं, ते यानं उचलून ठिवलं. शिवलं, शिवलं म्हणून समदे उठले. याला मरस्तोवर मारलं आन् ते प्यादं चुलीत घातलं." मग ती पुन्हा सुपाकडे बघत म्हणाली, "तुला सांगू नको म्हणायचा. म्हणायचा, पोराला तरी तो शब्द नुसता शब्दच राहू दे."

औरंगाबादला निघालो त्या दिवशी मामा परभणीच्या स्टेशनवर आले. मामींनी दिलेल्या दशम्या त्यांनी माझ्या हातात ठेवल्या. रजा रद्द केली का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिथं मी एकेक करत सगळे डाव हरलो, आणि प्रत्येक वेळी मला थोडं बरं वाटलं.

परत आल्यावर पहिल्यासारखा दर रविवारी पिंगळीला जायला लागलो. मामा शाळेचं बोलायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे, माझ्या लग्नाचं बोलायचे. पट त्यांनी पुन्हा माझ्यासमोर मांडला नाही. दर खेपेला मी माफी मागायचं ठरवून जायचो. पण माफी कशाची ते सांगायचं तर तोच शब्द त्यांच्या घरात बसून, त्यांच्या तोंडाकडे बघत मला पुन्हा उच्चारावा लागला असता. मी चहा प्यायचो आणि परतीची गाडी धरायचो. ते गेले तोवर नऊ वर्षं हेच चाललं.