किती पडले?

नळीत फुंकून झालं की तोंडही न पुसता सर विचारायचे, "ताई, किती पडले?"

तुम्ही म्हणाल, फुप्फुसाच्या तपासणीत गुण कसले? पण ज्यांची हयात सदाशिव पेठेतल्या शाळेत गणित शिकवण्यात आणि कॉपी पकडण्यात गेली, त्यांना हे कोण सांगणार? मी सांगून पाहिलं. "आकडा आहे म्हणजे गुण आहेत," म्हणाले.

आमच्या दवाखान्यात सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णांचे गट पाडायचं संशोधन चालतं. नाव एक, पण कुणाचा आजार सिगारेटचा, कुणाचा चुलीच्या धुराचा, तर कुणाच्यात लहानपणचा दमा मुरलेला. मी एकदा नुसतं फुंकायला लावते, मग पंपाचं औषध देऊन पुन्हा. दोन आकड्यांतल्या फरकावरून गट ठरतो आणि गटावरून औषध. सरांच्या आकड्यांत फरकच पडेना. औषध फारसं लागू न पडणाऱ्यांत त्यांची रवानगी झाली आणि डॉक्टर मॅडमनी त्यांचं एक औषध बंद केलं.

पुढच्या तपासणीला मी कामावर येत होते, तर सर जिन्याच्या वळणावर पाठमोरे उभे. मला वाटलं, दम खातायत. जवळ गेले तर गुपचूप पंप ओढत होते. तपासणीच्या सकाळी पंप घ्यायचा नाही, हे मी दर वेळी बजावलेलं!

"अहो सर, हे काय?"

"उजळणी, ताई. पेपराआधी."

"दर वेळी करता?"

"मग? नापास होऊ की काय?"

"सर, याला उजळणी नाही, कॉपी म्हणतात."

त्यांनी पंप खिशात टाकला. मला राग आला होता, आणि त्यांचे धापेने वरखाली होणारे खांदे बघून वाईटही वाटत होतं. पंप आधीच ओढल्यावर पहिलाच आकडा वर जाणार, मग औषधानंतर फरक दिसणार कुठून? गुणांच्या नादात स्वतःला लागू पडणारं औषध त्यांनी स्वतःच घालवलं होतं.

आठवड्याने पुन्हा तपासणीला आले, ते पायरीपायरीवर थांबत. दारातच पंप माझ्या हातात ठेवला. "वह्या-पुस्तकं वर्गाबाहेर," म्हणाले आणि फुंकले. आकडा इतका खाली, की मला सांगवेना.

"किती पडले?"

"कमी आहेत, सर."

"असू देत. स्वतःचे आहेत."

औषध दिल्यावर मात्र आकडा चांगलाच वर गेला. गट बदलला, बंद केलेलं औषध पुन्हा सुरू झालं. दोन महिन्यांत सर न थांबता जिना चढू लागले. एका दमात अख्खी वाक्यं बोलू लागले, त्याचा त्रास आम्हालाच. "या खुर्च्या बसायला आहेत, की यांच्यावरही संशोधन चाललंय?"

पुढे तीन वर्षं दर तपासणीला ते दारात पंप माझ्या हवाली करत. या थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि सर गेले. सरांच्या घरून काकूंनी फोन करून कळवलं, तरी यादीतलं त्यांचं नाव काही मला खोडवलं नाही.

परवा त्यांची तारीख होती. सकाळी मी उगाचच जिन्याच्या वळणापर्यंत जाऊन आले. तिथे पाठमोरे उभे राहून ते पंप ओढत असते, तरी मला चाललं असतं.